डागाचा हिशोब लागला का?

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय: प्रोस्टेटचा एमआरआय आणि बायोप्सी

पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या रक्ततपासणीवर लिहिल्यापासून जी पत्रं येताहेत त्यांतली बरीचशी एकाच पेचाची आहेत. एमआरआय एक सांगतो, बायोप्सी दुसरंच सांगते, आणि पेशंट दोन फायली काखेत मारून हिंडतो. मी मिरजेत पॅथॉलॉजीची लॅब चालवते. तुमच्या प्रोस्टेटचे तुकडे शेवटी ज्या टेबलावर येतात, ते माझं टेबल. एमआरआय वाचणारे रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या टोकाला बसतात. मधल्या वाटेत काय होतं ते सहसा कुणी समजावत नाही, म्हणून आजची उत्तरं जरा लांबली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न: मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक, वय ६७, मुक्काम तासगाव. पीएसए ८.२ आला. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, पुढच्या भागात ९ मिलिमीटरचा डाग, पाय-रॅड्स (एमआरआयवरचा संशय सांगणारी १ ते ५ अशी पायरी) ४. त्यानंतर गुदमार्गातून सोनोग्राफी करत बायोप्सी झाली. १२ तुकडे काढले, एकातही कॅन्सर नाही. मुलगा म्हणतो, सुटलो. मला पटत नाही. टिपण एक सांगतं आणि वहिवाट दुसरी, असं झालं की आम्ही आधी विचारायचो, मोजणी कुठल्या दगडापासून धरली? तुमच्या कामात असे पक्के दगड असतात का? मी विश्वास कशावर ठेवू?

उत्तर: काका, हा प्रश्न बायोप्सीच्या आधी कुणीतरी विचारायला हवा होता. मुलाला सांगा, सुटलो म्हणायला अजून अवकाश आहे. घाबरायचंही कारण नाही, पण ‘सुटलो’ हा शब्द तुमच्या रिपोर्टमधून निघत नाही.

आधी तुकड्यांचं माप बघा. बायोप्सीची सुई १८ गेजची असते. तिच्या खाचेत येणारा तुकडा जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि दीड-पावणेदोन सेंटिमीटर लांब. असे १२ तुकडे मिळून फार तर ०.२ सीसी भरतात. तुमची ग्रंथी ४५ सीसीची आहे. म्हणजे अर्धा टक्का प्रोस्टेटसुद्धा मायक्रोस्कोपखाली आलेलं नाही. उरलेल्या साडेनव्याण्णव टक्क्यांबद्दल माझ्यासारखीने काय बोलावं? ‘आलेल्या तुकड्यांत कॅन्सर नाही’, एवढंच आम्ही लिहितो. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘कॅन्सर नाही’ होतं.

१२ तुकड्यांची पद्धत ठरलेल्या जागांची आहे. उजवीकडे सहा, डावीकडे सहा, वर-मधे-खाली असे. डाग कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही, आणि हे तुकडे मुख्यतः मागच्या भागातून येतात, कारण गुदमार्गाच्या बाजूने सुईला तोच भाग जवळ पडतो. बरेचसे कॅन्सर मागच्याच भागात होतात, त्यामुळे पद्धत चुकीची म्हणता येत नाही. पण तुमचा डाग पुढे आहे. सुई शेवटी पोचते ती तिथे, पोचली तर.

ब्रिटनमध्ये झालेला प्रॉमिस नावाचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ५७६ पुरुष. प्रत्येकाचा आधी एमआरआय, मग भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर एक सुई अशी जाळीदार बायोप्सी, आणि तुमची झाली तशी साधी बायोप्सीही. जाळीदार बायोप्सीने जे सांगितलं ते खरं धरून बाकी दोघांना तपासलं. ज्यांना खरोखर धोक्याचा कॅन्सर होता, त्यांच्यातले ४८ टक्के साध्या बायोप्सीने पकडले आणि ९३ टक्के एमआरआयने. आता दुसरी बाजू. ज्यांना तसा कॅन्सर नव्हता, त्यांच्यातल्या फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयने मोकळं सोडलं. साध्या बायोप्सीचा हा आकडा ९६ टक्के आहे. म्हणजे एमआरआय सहसा सोडत नाही, पण उगाच संशयही फार घेतो. त्यामुळे नुसतं ‘एमआरआयवर विश्वास ठेवा’ असंही मी तुम्हाला सांगणार नाही.

आता तुमचे दगड. ते असतात. प्रोस्टेटच्या मधून जाणारा मूत्रमार्ग, त्यातला वीर्यवाहिन्या उघडतात तो छोटा उंचवटा, वयाने वाढलेल्या साध्या गोल गाठी, एखादी बारीक पाण्याची पिशवी आणि ग्रंथीची बाहेरची कड. एमआरआयमध्ये हे सगळं स्वच्छ दिसतं. सोनोग्राफीत कड नीट दिसते, आतलं सगळं अंधुक. संशयाचा डाग तर बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून दोन्ही चित्रं जुळवणारं फ्यूजनचं यंत्र मुख्यतः कडेला कड लावतं आणि आतली जागा अंदाजाने काढतं. हद्द बरोबर बसली म्हणून आतली विहीरही जागेवर बसली असं होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

शिवाय तुमचे दगड हलत नव्हते. इथे दगडांसकट शेत हलतं. एमआरआयला तुम्ही उताणे झोपला होतात, मूत्राशय थोडंफार भरलेलं, पोटावर कॉइल. बायोप्सीला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि गुदमार्गातला प्रोब मागून ग्रंथीला दाबत होता. ती चपटी होते, कलते, सरकते. सुई शिरताना तिला पुढे ढकलते. पहिल्या दोन-चार तुकड्यांनंतर आत रक्त उतरतं आणि सूज येते. या सगळ्यात काही मिलिमीटरची चूक ठरलेली. तुमचा डाग ९ मिलिमीटरचा, सुईचा तुकडा एक मिलिमीटरचा. म्हणून डागावर नेम धरताना एक तुकडा पुरत नाही. तीन ते पाच घेतात आणि लगतच्या भागातूनही घेतात.

नेम धरायच्या तीन पद्धती आहेत. डॉक्टर एमआरआय बघून जागा मनात ठेवतात आणि सोनोग्राफीवर सुई घालतात, ही एक. सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं जुळवतं, ही दुसरी. एमआरआयच्या यंत्रातच सुई घालायची, ही तिसरी. नेदरलँड्समधल्या एका तुलनेत (फ्यूचर अभ्यास, २०१९) तिघींच्या कॅन्सर सापडण्याच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे फ्यूजनचं मशीन नव्हतं’ म्हणून हळहळू नका. नेम धरला होता का, एवढं विचारा.

तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात बाटल्यांची नावं आहेत: उजवा वरचा, उजवा मधला असं करत बारा. ‘डावा पुढचा, डागातून’ अशी बाटली नाही. काका, त्या जागेची मोजणीच झालेली नाही. मग एमआरआय खरा की बायोप्सी, हा वादच उभा राहत नाही. दोघांनी वेगवेगळे गट नंबर बघितले.

यूरॉलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा. एक, प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून तो पुन्हा वाचून घेता येईल का? दोन, तरीही डाग ४ चाच राहिला तर डागावर नेम धरून बायोप्सी करता येईल का? पुढच्या भागासाठी गुदमार्गाऐवजी वृषणाच्या आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून सुई घातली तर सोयीची पडते, आणि जंतुसंसर्गाची भीतीही कमी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.

ती बायोप्सी झाली की रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर आहे की नाही’ एवढंच वाचून थांबू नका. डागाचा हिशोब लागला का, ते बघा. डागातून आलेल्या तुकड्यांत कॅन्सर निघाला, तर हिशोब लागला. कॅन्सर नाही, पण दाट सूज, आकसलेल्या ग्रंथी किंवा तंतूंची घट्ट गाठ असं डाग दिसण्याजोगं काही निघालं, तरीही लागला. आणि त्या तुकड्यांत अगदी निरोगी ग्रंथी निघाल्या, तर नाही लागला. मग एकतर नेम चुकला, नाहीतर एमआरआय वाचताना गफलत झाली. हे तिसरं उत्तर ऐकायला सगळ्यात गोड, आणि मला त्याचाच सगळ्यात कमी भरवसा वाटतो.

प्रश्न: आमचं गाव विट्याजवळ. घरचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, त्यामुळे भाऊ कोइमतूरला असतो. आण्णा त्याच्याकडे गेले असताना तिथे एमआरआय झाला. पाय-रॅड्स ५ आला, डॉक्टर म्हणाले कॅन्सरच दिसतोय. बायोप्सी सांगलीत केली. रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस, एएफबी निगेटिव्ह’ असं लिहिलंय, कॅन्सर नाही. एवढा मोठा एमआरआय खोटा कसा निघाला? आता पुन्हा सुया टोचायच्या का?

उत्तर: ताई, एमआरआय खोटा निघालेला नाही. त्याने जे बघितलं ते तिथे आहे, फक्त त्याचं नाव वेगळं निघालं.

एमआरआय कॅन्सर बघत नाही. टिश्यूमधलं पाणी किती मोकळं हलतं ते बघतो. निरोगी प्रोस्टेटच्या मागच्या भागात ग्रंथींच्या पोकळ्या असतात, पाणी खेळतं, तो भाग उजळ दिसतो. कॅन्सरच्या पेशी खेटून बसल्या की पाण्याला जागा उरत नाही आणि डाग काळा पडतो. ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका. त्यातही पेशी अशाच खेटून बसलेल्या असतात. रेडिओलॉजिस्टने ५ म्हटलं यात त्यांचा दोष नाही. हा आजार एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरचं सोंग घेतो.

पण एक तपासा. रिपोर्टमध्ये प्रत्येक बाटलीचं वेगळं उत्तर असतं. ग्रॅन्युलोमा कुठल्या बाटलीत निघाला? ज्या बाजूला डाग होता त्याच बाजूच्या, डागातून घेतलेल्या तुकड्यांत निघाला असेल, तर हिशोब लागला. लगेच पुन्हा टोचायचं कारण मला दिसत नाही. डाग उजवीकडे, ग्रॅन्युलोमा डावीकडे आणि डागातले तुकडे निरोगी, असं असेल तर मात्र विषय संपलेला नाही. आणि सगळे तुकडे एकाच बाटलीत घालून पाठवले असतील तर हे कुणालाच सांगता येणार नाही. असं अजूनही होतं, बाटल्यांचे पैसे वाचवायला. कुणाचे वाचतात कोण जाणे.

दुसरं, एएफबी ही रंग देऊन टीबीचे जंतू शोधायची तपासणी. ती ‘निगेटिव्ह’ म्हणजे टीबी नाही असं धरून चालू नका. त्या रंगाच्या तपासणीत जंतू दिसायला ते बऱ्यापैकी संख्येने असावे लागतात. आपल्याकडे अशा वेळी टीबीचा विचार करावाच लागतो. लघवीची आणि जमल्यास टिश्यूची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी), कल्चर, छातीचा एक्स-रे याबद्दल डॉक्टरांना विचारा. टीबी निघाला तर औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. आण्णांना आधी मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचं औषध आत सोडलं होतं का? प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन? लघवीचं जोरदार इन्फेक्शन? यांतल्या कशानेही ग्रॅन्युलोमा होतो आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. पुढे पीएसए आणि काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय. कधी करायचा ते यूरॉलॉजिस्ट सांगतील.

कोइमतूरची सीडी इथे उघडली नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. खरं तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती! सीडी उघडली नसेल तर सांगलीत सुई कशाच्या आधारावर घातली? छापील फिल्मवर नेम धरणं अवघड असतं. भावाला सांगा, तिथल्या सेंटरमधून मूळ डायकॉम फायली पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागव. त्या रेडिओलॉजिस्टसमोर ठेवा, शेजारी बायोप्सीचा रिपोर्ट ठेवा, आणि बाटलीवरची जागा डागाशी जुळते का एवढंच विचारा.

प्रश्न: मी सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमआरआयवर प्रोस्टेटचा कॅन्सर शोधणारं मॉडेल करायचं आहे. ऑपरेशन करून काढलेल्या प्रोस्टेटच्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरची हद्द आखतात, ती एमआरआयवर उतरवायची असं ठरवलंय. स्लाइड स्कॅन करून एमआरआयवर ठेवली, थोडी फिरवली, लहानमोठी केली, की झालं ना? तुमच्या लॅबमधून डेटा मिळेल का?

उत्तर: विषय उत्तम निवडलास. बरेच जण रेडिओलॉजिस्टने एमआरआयवर आखलेली हद्दच खरी मानून मॉडेलला शिकवतात. मग माणसाला जे दिसत नाही ते मॉडेललाही कधी दिसत नाही. खरं उत्तर काचेवर असतं, तिथून आणायला हवं. पण ‘झालं ना’ला माझं उत्तर ‘नाही’. ग्रंथी शरीरातून निघते तिथपासून काचेपर्यंत तिचं काय काय होतं ते वाच, म्हणजे तुझ्या प्रोग्रॅमला कशाशी झुंजायचंय ते कळेल.

ग्रंथी बाहेर आली की तिच्यातलं रक्त ओसरतं. आजूबाजूच्या स्नायूंचा आणि मूत्राशयाचा ताण सुटतो. आकार तिथेच बदलला. आम्ही तिचं वजन करतो, उजव्या बाजूला एक शाई आणि डावीला दुसरी लावतो, म्हणजे पुढे तुकडे झाले तरी बाजू कळते. मग १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस. त्यात ती घट्ट होते आणि आकसते. टोकाकडचा आणि मूत्राशयाकडचा भाग कापून वेगळा करतात, त्यांचे काप उभ्या दिशेने घेतात. म्हणजे हे दोन भाग तुझ्या आडव्या एमआरआयशी तसेही बसणार नाहीत. उरलेल्या भागाचे ३ ते ५ मिलिमीटरचे आडवे काप. ते अल्कोहोलमधून, झायलीनमधून, गरम मेणातून जातात आणि आणखी आकसतात. सगळं मिळून लांबी-रुंदी साधारण ५ ते १५ टक्क्यांनी कमी होते, तीही सगळीकडे सारखी नाही, कारण ग्रंथींनी भरलेला भाग आणि तंतूंनी भरलेला भाग वेगवेगळे आकसतात.

मग मायक्रोटोमवर ४ मायक्रॉनचा पापुद्रा काढतात आणि कोमट पाण्यावर सोडतात. तिथे तो ताणला जातो, कधी चुणी पडते, कधी फाटतो. पाण्यावरून काचेवर उचलताना तंत्रज्ञाचा हात जसा वळेल तसा तो बसतो, प्रसंगी उलटाही. साधी काच ७५ बाय २५ मिलिमीटरची. प्रोस्टेटचा अख्खा काप तिच्यावर मावत नाही, म्हणून साध्या लॅबमध्ये त्याचे चार भाग करतात. अख्खा काप एका काचेवर घ्यायला मोठ्या काचा, मोठे साचे, मोठा मायक्रोटोम लागतो, आणि तो फार थोड्या ठिकाणी असतो. तुला स्लाइड मिळाल्या तर बहुतेक चार भागांतच मिळतील. ते चार नीट सांधणं हेच पहिलं काम.

आता जाडीचं बघ. एमआरआयचा एक काप ३ मिलिमीटरचा, माझा ४ मायक्रॉनचा. त्या एका एमआरआय कापाच्या जाडीत माझे ७५० पापुद्रे बसतील. तू त्यांतला एक बघणार. तो कितवा, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आणि सुरीचा कोन एमआरआयच्या कोनाशी जुळलेला नसतो, त्यामुळे पापुद्र्याची एक कड एमआरआयच्या दहाव्या कापात आणि दुसरी अकराव्यात, असंही होतं. सपाट चित्र फिरवून हे सुटत नाही. तिसरी मिती लागते.

यावर लोकांनी बरेच उपाय काढलेत. ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरून ग्रंथीचा आकार काढायचा, तिला बसेल असा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापायचा, आणि एमआरआयच्या कापांशी जुळतील अशा खाचा त्यात ठेवायच्या. ग्रंथी साच्यात ठेवली की सुरी त्याच खाचांतून जाते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या गटाने हे चांगलं करून दाखवलंय. साचा छापणं तुमच्यासारख्यांना अवघड नाही. अवघड आहे ते सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांना ऑपरेशनच्या आधी एका टेबलावर बसवणं. दुसरा उपाय, काढलेल्या ग्रंथीचाच पुन्हा एमआरआय करून तो मधला टप्पा म्हणून वापरायचा. तिसरा स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारा: प्रत्येक काप कापल्यावर त्याचा पट्टी ठेवून फोटो. मेणात जाण्याआधीचा आकार हाती राहतो. फोनवरसुद्धा निघतो, तरी कितीतरी ठिकाणी काढत नाहीत.

प्रोग्रॅममध्ये आधी साधी जुळणी कर: सरकवणं, फिरवणं, प्रमाण बदलणं. नंतर ताणून-दाबून करायची जुळणी. इथे हात आवर. ताणायची मोकळीक जास्त दिलीस तर कुठलीही स्लाइड कुठल्याही एमआरआयवर बसेल, आणि बसली म्हणून तू खूश होशील. तपासताना फक्त बाहेरच्या कडा किती एकमेकींवर आल्या ते मोजू नकोस. त्याचा डाइस आकडा सुंदर येतो आणि आतला मूत्रमार्ग ४ मिलिमीटर बाजूला असतो. आतल्या खुणा घे. मूत्रमार्ग, वीर्यवाहिन्या, साध्या गाठी, बारीक पिशव्या. या जुळणीच्या आधी ठरवून ठेव आणि जुळणीनंतर त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोज. आणि स्लाइडवर हद्द आखणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला आधी एमआरआय दाखवू नकोस. दाखवलास तर आमचा पेन नकळत तिकडे वळतो.

डेटा माझ्याकडून असा थेट मिळणार नाही. नावं पुसली तरी ती माणसांची टिश्यू आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तुझ्या मार्गदर्शकांना एखाद्या मेडिकल कॉलेजच्या विभागाशी रीतसर पत्रव्यवहार करायला सांग. तोवर ‘द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’ बघ. तिथे प्रोस्टेटच्या एमआरआयबरोबर ऑपरेशननंतरच्या स्कॅन केलेल्या स्लाइड असलेला संग्रह आहे, नेमका या जुळणीसाठी ठेवलेला. त्यावर हात बसू दे. बसला की लॅबमध्ये ये, एक अख्खी ग्रंथी कापताना बघ. दुपारी तीननंतर ये, सकाळी मला बोलायला सवड नसते.

प्रश्न: किर्लोस्करवाडीहून लिहितो. एमआरआयमध्ये गाठ १२ मिलिमीटर, बायोप्सीत ग्लीसन ३+३. ऑपरेशन झालं, तर अंतिम रिपोर्टमध्ये गाठ १९ मिलिमीटर आणि ग्लीसन ३+४. चार महिन्यांत गाठ वाढली की आधीचं कुणीतरी चुकलं?

उत्तर: बहुतेक दोन्ही नाही. एमआरआय गाठीचा दाट गाभा दाखवतो. कडेला कॅन्सरच्या ग्रंथी निरोगी ग्रंथींच्या मधून विरळ पसरलेल्या असतात, तिथे पाणी अजून मोकळं हलतं, म्हणून तो भाग एमआरआयमध्ये उजळच राहतो. गंमत बघा, आमच्याकडे येईपर्यंत टिश्यू आकसलेला असतो आणि तरीही गाठ एमआरआयपेक्षा मोठी भरते. हे लक्षात आलं ते वरच्या उत्तरात सांगितलेल्या जुळणीच्या कामामुळेच. म्हणून ज्यांची अख्खी ग्रंथी न काढता फक्त गाठ जाळतात किंवा गोठवतात, त्यांच्यात दिसणाऱ्या डागाभोवती एक सेंटिमीटरच्या आसपास जास्तीची कड धरायचा विचार होतो.

ग्लीसनचंही तसंच. १९६६ मध्ये डोनाल्ड ग्लीसन यांनी ही पद्धत मांडली, ती ग्रंथींची रचना किती बिघडली यावर आहे. पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या रचनेचा. तुमच्या गाठीत ४ ची रचना थोडीच असणार आणि बायोप्सीची सुई ३ च्या भागातून गेली. ३+३ म्हणजे गट १, ३+४ म्हणजे गट २. एका पायरीचा हा फरक नेहमी दिसतो. आता अंतिम रिपोर्टमध्ये ‘मार्जिन’, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचला होता का, याबद्दल काय लिहिलंय आणि गाठ कवचाबाहेर गेली होती का, ते बघा. पुढचं ठरतं ते त्यावर. त्या दोन ओळी तुम्ही पत्रात लिहिल्याच नाहीत.

प्रश्न: सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम, एमआरआयमध्ये ४६ सीसी. खरं कुठलं?

उत्तर: दोन्ही अंदाजच. लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकाराला ०.५२ ने गुणतात. कडेला दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की एवढा फरक पडतो. एमआरआयचं माप साधारण जास्त भरवशाचं. ग्रॅम आणि सीसी इथे जवळपास सारखेच धरा. पीएसएला आकाराने भागून घनता काढली असेल, तर एकाच तपासणीचं माप धरून काढली का, तेवढं बघा.

प्रश्न: वडिलांची बायोप्सी आधीच झाली, मागच्या आठवड्यात. आता दुसरे डॉक्टर एमआरआय करा म्हणतात. लगेच करू का?

उत्तर: डॉक्टरांना घाई नसेल तर थांबा. सुयांच्या वाटेत रक्त साचलेलं असतं आणि ते काळे डाग पाडतं. साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ देतात. पीएसएही बायोप्सीनंतर काही आठवडे वाढलेला राहतो, तोही लगेच करू नका. एमआरआयच्या दिवशी पोट साफ असू द्या, गुदमार्गात वायू असला की पाण्याच्या हालचालीचं चित्र वाकडं होतं. खुब्यात धातूचा सांधा बसवला असेल तर तेही चित्र बिघडतं, आणि पेसमेकर असेल तर प्रश्न सुरक्षेचा आहे; दोन्ही अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो, म्हणून तेही सांगा. आणि जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, बाटल्यांच्या नावांसकट, रेडिओलॉजिस्टकडे घेऊन जा.